काल चालत हुती न्हवं?

माझी पहिली मॅनेजरकी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. साल १९८७. शाखेला एक हवालदार होते, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. एकाहत्तरची लढाई पाहिलेला माणूस आमच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन स्टुलावर बसे. बँकेच्या रखवालदाराची बंदूक ही ग्राहकांनी पाहायची आणि चोरांनी ऐकून असायची वस्तू आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती. वर्षातून एकदा मात्र ती उडवून पाहावी लागे आणि तसा दाखला वर पाठवावा लागे.

त्या वर्षी हा सोहळा नेमका ऐन श्रावणात आला. गावाबाहेरच्या टेकाडाखाली आम्ही उभे, पावसाची भुरभुर चाललेली. हवालदारांनी दुनळी मोडली, काडतूस घातले. ते अर्धे आत जाऊन थांबले. बंदूक मिटेना. मी छत्रीखालून, मॅनेजरला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "हवालदार, तेलपाणी होत नाही वाटतं हिचं."

ते रागावले नाहीत. काडतूस काढले, खिशात घातले. कमरेच्या पट्ट्यातले जुने, गेल्या वर्षीचे काडतूस काढून घातले. ते सरळ आत गेले. ते काढून पुन्हा नव्या खोक्यातले दुसरे घातले. ते अडकले. मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "साहेब, काल चालत हुती न्हवं? मग आज नवं काय आलं, त्ये बगायचं."

नवे आले होते ते काडतुसांचे खोके. ते मीच ताब्यात घेऊन रेकॉर्डच्या खोलीतल्या ओल्या भिंतीशी असलेल्या कपाटात ठेवले होते. कागदी नळीची काडतुसे ती. पावसाळ्यात लाकडी दार फुगते तशी फुगून बसली होती. बंदूक निर्दोष होती आणि हवालदारही. दोष कपाटाचा होता, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

हे सारे आठवायचे कारण असे की, एका कादंबरीच्या निमित्ताने मी गेले काही महिने व्हिएतनामच्या युद्धातल्या एका रायफलीबद्दल वाचतो आहे. तिचे नाव एम-१६. अडकणाऱ्या रायफलीचे इतके तपशीलवार दप्तर जगात दुसरे क्वचितच असेल.

यूजीन स्टोनर या माणसाने १९५०च्या दशकात आर्मालाइट या छोट्या कंपनीत एक रायफल बनवली. तिचीच लहान आवृत्ती म्हणजे एआर-१५. तिचे हक्क १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने घेतले. वजनाला हलकी, गोळी ५.५६ मिलिमीटरची. गोळीच हलकी असल्याने शिपायाला तेवढ्याच ओझ्यात पुष्कळ जास्त काडतुसे नेता येत. १९६५च्या नोव्हेंबरात इया द्रांगच्या खोऱ्यात जी मोठी लढाई झाली, तीत ही रायफल चांगली चालली, असे तिथल्या सेनाधिकाऱ्याचे मत पडले. मग मागणी वाढली आणि रायफली हजारोंनी जाऊ लागल्या. पाठोपाठ तक्रारी येऊ लागल्या. गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी आतच चिकटून बसते आणि पुढची गोळी चढत नाही.

हे होते कसे, ते थोडे सांगायला हवे. बार उडाला की गोळीमागचा वायू नळीतून पुढे धावतो. त्यातला थोडासा एका बारीक भोकातून वळवून मागे आणलेला असतो. तो बोल्टला मागे ढकलतो. बोल्टला एक नख असते. ते पुंगळीची कड पकडून तिला बाहेर ओढते, फेकते आणि परतताना नवे काडतूस आत ढकलते. यात एक नाजूक गोष्ट आहे. बार उडतो त्या क्षणी पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि दाब उतरला की पुन्हा आक्रसते. नखाने ओढायचे ते ती आक्रसल्यावर. कुकर उघडल्या उघडल्या इडली काढायला जाणाऱ्याची जी गत होते, तीच घाई करणाऱ्या बोल्टची होते. इडली खालीच राहते, वरचा पापुद्रा हातात येतो. इथे नख पुंगळीची कड फाडून मोकळेच मागे जाते.

बोल्टला ही घाई का झाली? तर दारू बदलली होती. स्टोनरची रायफल ड्यू पाँट कंपनीच्या एका दारूवर बेतलेली होती, तिचे दाणे बारीक नळकांड्यांसारखे. सैन्याने गोळीला सेकंदाला ३,२५० फूट वेग हवा, अशी अट घातली. दाबाची मर्यादा सांभाळून तो वेग दर खेपेस गाठणे त्या दारूला कठीण जाऊ लागले. तेव्हा १९६४ मध्ये दुसऱ्या कंपनीची, गोल दाण्यांची दारू मंजूर झाली. ती सैन्याच्या जुन्या ओळखीची होती. वेगाची अट तिने पाळली. पण वायू मागे वळवण्याच्या भोकाशी तिचा दाब जास्त पडे. मिनिटाला साडेसातशे-आठशेच्या आसपास फिरणारी यंत्रणा हजाराकडे जाऊ लागली. शिवाय तिच्यात आम्ल मारण्यासाठी चुनखडीचा अंश घातलेला असे. तो वायूच्या नळीत साचून बसे. स्टोनर यांना या बदलाबद्दल मत विचारले गेले ते निर्णय होऊन गेल्यावर. सही झालेल्या कागदावर मागाहून 'आपले अभिप्राय कळवावेत' असा शेरा मारून पाठवण्याची रीत फक्त आपल्याच कचेऱ्यांत आहे, असे मला उगीच वाटत होते.

दुसरी गोष्ट चेंबरची. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर लढलेल्या सैन्याला दमट हवा पोलादाचे काय करते, ते चांगले ठाऊक होते. म्हणूनच आधीच्या एम-१४ रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता. या नव्या रायफलीला तो दिला नव्हता. व्हिएतनामच्या पावसात चेंबर गंजून आतून खवल्यासारखे होई आणि फुगलेली पुंगळी त्या खाचांना धरून बसे. त्यावर कडी म्हणजे, हिला फार सफाई लागत नाही असा समज पसरवून दिलेला. सफाईचे सामानही पुरेसे पाठवले नव्हते. पोरे घरी पत्रे लिहून तेल मागवत. पुंगळी अडकली की पुढून नळीत गज घालून ती ठोकून काढत. विसाव्या शतकातली सर्वांत आधुनिक रायफल हातात, आणि गज मारायचा तो ठासणीच्या बंदुकीसारखा. तोही समोरून गोळ्या येत असताना!

१९६७च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हजवळच्या टेकड्यांवर मरीन पलटणींची घनघोर लढाई झाली. त्यांच्या हातात ही रायफल नुकतीच आली होती. त्यातल्या एका मरीनने घरी पत्र लिहिले. मेलेल्या सोबत्यांपैकी कितीतरी जणांच्या शेजारी त्यांची रायफल उघडून पडलेली होती, ते ती दुरुस्त करत होते, असे त्यात होते. ते पत्र न्यू जर्सीतल्या एका वृत्तपत्रात छापले गेले आणि तिथल्या प्रतिनिधीने ते अमेरिकन संसदेपुढे आणले. हे पत्र मी अनेकदा वाचले. एखादा विशीतला मुलगा गवतात पालथा पडून, मान खाली घालून, बोल्ट हातात घेऊन बसला आहे, आणि त्या क्षणी बहुधा त्याच्या मनात आहे की आपलेच काहीतरी चुकले, आपणच नीट पुसली नाही. कारण त्याला वरून तेच सांगितले गेले होते. तक्रार आली की उत्तर ठरलेले : जवान सफाई करत नाहीत.

हे सर्वस्वी खोटे नव्हते. सफाई कमी पडत होती. पण ज्या दारूने घाण जास्त होते ती शिपायाने निवडलेली नव्हती, आणि क्रोमचा मुलामाही त्याने वाचवलेला नव्हता. अर्धे खरे असलेले कारण फार सोयीचे असते, फाइल तिथे थांबते.

काँग्रेस सदस्य रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी केली. ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल आला. दारू बदलणे हे रायफल अडकण्याचे मोठे कारण असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले होते, आणि एकंदर कारभार गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या काठावर जाणारा असल्याचा ठपका होता. त्यातली एक गोष्ट मला, बँकेत हयात घालवलेल्या माणसाला, सर्वांत जास्त लागली. नव्या दारूने रायफल ठरलेल्या गतीपेक्षा जोरात फिरते, म्हणून कारखान्यातल्या स्वीकृती-चाचणीत ती नापास होण्याची पाळी आली. तेव्हा चाचणी जुन्या दारूवर घेण्याची मुभा कंपनीला दिली गेली. चाचणीत जुनी दारू, लढाईत नवी. रायफल पास होऊन बोटीत चढे, आणि जिच्यावर ती पास झालेली नसे तीच दारू तिकडे तिची वाट पाहत असे. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात तेवढी खतावणी लखलखीत करून ठेवणाऱ्या शाखा मी पाहिल्या आहेत. पण त्यात जीव कोणाचा जात नव्हता.

मग सुधारणा झाल्या. बोल्टची गती आवरणारा नवा बफर आला, चेंबरला क्रोम आला, सफाईची साधने गेली. १९६८ मध्ये तर विल आइस्नर या नामांकित व्यंगचित्रकाराकडून चित्रमय पुस्तिका काढून घेऊन ती शिपायांना वाटली. काडतूस पुरते आत बसले नाही तर हाताने ठोसून बसवण्याची एक दांडीही सैन्याच्या हट्टाने त्या आधीच बसवली होती. स्टोनर यांचा तिला विरोध होता. जे आत जात नाही ते जोराने कोंबून भलेच होईल असे नाही, असे त्यांचे म्हणणे. आमचे हवालदार टेकाडाखाली हाच नियम पाळत होते. त्यांनी काडतूस एकदाही ठोकले नाही. तीच रायफल पुढे भरवशाची ठरली, आणि तिची वंशज एम-४ अजून वापरात आहे.

आपल्याकडची इन्सास रायफलही ५.५६ मिलिमीटरचीच. १९९९च्या कारगिल युद्धात तिची प्लॅस्टिकची मॅगझिने थंडीत तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या सैन्याचे त्रेचाळीस जण माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत मारले गेले, तेव्हा त्यांच्या प्रवक्त्याने इन्सास ऐन लढाईत दगा देते असे म्हटले. आपल्या वकिलातीचे उत्तर असे की, वापर आणि देखभाल नीट झाली नसावी, आम्ही प्रशिक्षण द्यायला तयार आहोत. हे उत्तर वाचताना मला माझाच छत्रीखालचा आवाज ऐकू आला.

आपल्या राज्यात वरणगावला काडतुसे बनतात, भंडाऱ्याजवळ दारू बनते. तिथल्या कामगारांना हे सारे माझ्यापेक्षा चांगले कळत असणार. एका घाण्याची दारू दुसऱ्या घाण्याशी जुळते की नाही हे तपासण्यात त्यांचे दिवस जातात, आणि ते काम नीट झाले तर त्याची बातमी कधीच होत नाही.

आता जे सांगायला बसलो होतो ते सांगतो. त्याच शाखेत, त्याच वर्षी दिवाळीनंतर इन्स्पेक्शन झाले. आवर्ती ठेवींच्या पाच खात्यांत व्याज जास्त दिले गेल्याचे निघाले. हिशेब करणारा लेखनिक माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, अबोल, अक्षर मोत्यासारखे. मी त्याला मेमो दिला. 'कामातील हलगर्जीपणा' हे शब्द माझेच. त्याने खुलाशात एवढेच लिहिले की आकडे तक्त्याप्रमाणे आहेत. मला ते उद्धट वाटले.

संध्याकाळी शटर ओढताना हवालदार म्हणाले, "साहेब, गेल्या साली बराबर करत हुते न्हवं त्ये?"

मी म्हणालो, "हवालदार, ही बंदूक नाही."

तीन-चार महिन्यांनी कामानिमित्त शेजारच्या शाखेत गेलो होतो. तिथे भिंतीवर व्याजाचा तोच नवा तक्ता लावलेला होता. आमच्याकडे आलेली सायक्लोस्टाइल प्रत पुसट होती. तिच्यातल्या एका ओळीत तीनचा आठ झालेला होता. पाचही खाती त्याच एका मुदतीची होती. हे इन्स्पेक्शनच्या अहवालातच लिहिलेले होते, आणि मी तो अहवाल दोनदा वाचून त्यावर सही केली होती.

परत आल्यावर मी तक्ता दुरुस्त केला. लेखनिकाला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि तोंडी सांगितले की झाले ते विसरा. तो "ठीक आहे साहेब" म्हणाला आणि कप उचलून बाहेर ठेवायला गेला. मेमो मागे घेतल्याचा कागद मी काढला नाही. काढला असता तर त्याची प्रत वर गेली असती आणि वरून विचारणा झाली असती की मुळात पाहिले कसे नाही. जूनमध्ये माझी बदली झाली. त्याच्या नोकरीच्या फाइलीत तो मेमो माझ्या सहीनिशी तसाच राहिला.