पीएचपीच्या वेब सेवा आणि संदेशाची सुरक्षा

दोन संस्थांच्या संगणकप्रणालींनी इंटरनेटवरून ठरावीक साच्यातले संदेश पाठवून परस्परांकडून कामे करून घेणे, म्हणजे वेब सेवा. असे संदेश एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीच्या प्रत्येक घटकाला नावाची खूण जोडणाऱ्या लेखनपद्धतीत, कसे मांडावेत हे सांगणारा ‘सोप’ हा संकेत २००० साली रूढ होऊ लागला आणि जुलै २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ या आवृत्तीत त्याची सोय भाषेसोबतच मिळू लागली. संकेतस्थळे उभारणाऱ्यांमध्ये अत्यंत लोकप्रिय असलेल्या या भाषेला वेब सेवांचे दार त्यामुळे खुले झाले. मात्र लॉगिन, प्रमाणपत्र इत्यादी ज्या सुरक्षेच्या सोयी तिच्यात होत्या, त्या संदेशाला नव्हे, तर तो ज्या जोडणीवरून जातो त्या जोडणीला लागू होणाऱ्या होत्या.

हा भेद महत्त्वाचा आहे. एचटीटीपीएस ही पद्धत जोडणीच्या दोन टोकांमध्ये मजकूर गुप्त राखते. पण संदेश वाटेत एखाद्या मध्यस्थ सर्व्हरवर थांबला तर तेथे तो उघडा होतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो मुळात कोणी पाठवला याचा पुरावा त्याच्यासोबत उरत नाही. रक्कम वळती करण्याचा आदेश बँकेला मिळत असेल, तर ही उणीव क्षुल्लक म्हणता येणार नाही. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि व्हेरिसाइन यांनी एप्रिल २००२ मध्ये मांडलेल्या आणि ओअॅसिस या संस्थेने २००४ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या ‘डब्ल्यूएस-सिक्युरिटी’ने यावर उपाय दिला, तो असा की ओळख, स्वाक्षरी आणि कूटबद्धता या तिन्ही गोष्टी संदेशातच समाविष्ट कराव्यात.

त्यातील पासवर्डची सोय जवळून पाहण्याजोगी आहे. पासवर्ड जसाच्या तसा न पाठवता, एक यादृच्छिक संख्या, संदेश तयार झाल्याची वेळ आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून त्यांच्यापासून एसएचए-१ या गणिती प्रक्रियेने एक ठसा काढला जातो व तोच पाठवला जातो. चोराने तो संदेश टिपून पुन्हा पाठवला, तरी सर्व्हरने वापरून झालेल्या संख्यांची नोंद ठेवली असल्यास तो ओळखू येतो. ही नोंद किमान पाच मिनिटे जपावी, अशी मानकाची शिफारस आहे. मात्र तोच ठसा पुन्हा काढता यावा यासाठी सर्व्हरजवळ मूळ पासवर्ड किंवा त्याच्या तोडीचे काही असावे लागते, आणि ही या पद्धतीची खरी कमजोरी आहे.

हे सारे प्रत्येक प्रोग्रॅमरने हाताने रचणे धोक्याचे असते, कारण खुणांमधील एखादी मोकळी जागा बदलली तरी स्वाक्षरी जुळेनाशी होते. म्हणूनच डब्ल्यूएसओ-टू या श्रीलंकेत पाया असलेल्या कंपनीने २००७ मध्ये पीएचपीसाठी आणलेली चौकट मोलाची ठरते. सी भाषेतील अॅक्सिस-टू आणि रॅम्पार्ट या ग्रंथालयांवर, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचांवर, ती उभी होती. स्वाक्षरी हवी, कूटबद्धता हवी, गणिती पद्धती अमुक असावी, एवढे धोरण प्रोग्रॅमरने एका छोट्या यादीत लिहायचे, खासगी किल्ली व प्रमाणपत्र सोबत द्यायचे आणि उरलेली किचकट जुळवाजुळव ग्रंथालयावर सोपवायची, अशी तिची रचना होती. सुरक्षा भाषेच्या आवाक्यात आणण्याचा हाच योग्य मार्ग होय.

तरीही स्वाक्षरी बरोबर आहे एवढे तपासून भागत नाही. स्वाक्षरी केलेला खरा भाग संदेशात आडबाजूला सरकवून त्याच्या जागी बनावट आदेश ठेवला, तर तपासणारा घटक खुणेच्या आधारे खरा भाग शोधून समाधान मानतो आणि काम करणारा घटक मात्र बनावट आदेश वाचतो. २००५ पासून ज्ञात असलेला हा ‘स्वाक्षरी-वेष्टन’ हल्ला जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेवर शक्य असल्याचे दाखवून दिले, आणि कंपनीने ती त्रुटी दूर केली. तेव्हा भाषेत सुरक्षेची सोय घालणाऱ्याने होकार किंवा नकार एवढेच उत्तर न देता, तपासून खरा ठरलेला भाग तेवढाच पुढे सुपूर्द करावा, म्हणजे प्रोग्रॅमरच्या हाती न तपासलेला मजकूर येण्याची वाटच बंद होते.