झाशीच्या वेळापत्रकातली जोडलेली घरे

अक्षरजुळणीच्या कामांत कोष्टक हे सर्वांत हिशेबी काम मानले जाते, कारण साध्या मजकुरात एखादी ओळ थोडी मागेपुढे झाली तरी ती वाचकाच्या ध्यानात येत नाही, कोष्टकात मात्र एका रकान्याने दोनचार मिलिमीटर जागा अधिक घेतली की शेवटचा रकाना समासाबाहेर डोकावू लागतो. खिळ्यांच्या जमान्यात हा हिशेब खिळेजुळारी हाताने आणि नजरेने करीत असे; आज तो संगणकाकडून करवून घेतला जातो, आणि त्यासाठी मजकुरातच आज्ञांच्या खुणा पेराव्या लागतात. अशा खुणांच्या भाषेला मार्कअप म्हणतात. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये आरंभलेली टेक ही प्रणाली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात उभारलेली लाटेक ही या कुळातली सर्वांत प्रसिद्ध नावे होत.

पानाच्या पूर्ण रुंदीचे आणि जोडलेल्या घरांचे कोष्टक म्हणजे काय हे समजून घेण्यास रेल्वेच्या वेळापत्रकाइतके सोयीचे उदाहरण नाही, आणि वेळापत्रकांत झाशीचे उदाहरण विशेष बोलके आहे. मुंबई, पुणे आणि गोव्याहून दिल्लीकडे जाणाऱ्या अनेक गाड्या येथे एका मार्गावर येतात. पंजाब मेल, झेलम एक्सप्रेस आणि गोवा एक्सप्रेस या तिन्ही झाशीहून पुढे ग्वाल्हेर, आग्रा या वाटेने दिल्ली गाठतात. डिसेंबर २०२१ मध्ये झाशी स्थानकाचे नाव बदलण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि दोन अक्षरांत मावणारे नाव वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे तीन शब्दांचे झाले. इतिहासाच्या दृष्टीने या बदलाचा विचार कोणी कसाही करो, कोष्टक आखणाऱ्यापुढे त्याने एक रोखठोक प्रश्न उभा केला: एवढे लांब नाव रकान्यात बसवायचे कसे?

झाशी ते दिल्ली या टप्प्याचे एक कोष्टक कल्पावे. पहिला रकाना स्थानकाचा, दुसरा झाशीपासूनच्या अंतराचा, आणि पुढे तीन गाड्यांचे प्रत्येकी दोन, आगमनाचा एक व प्रस्थानाचा एक, असे एकूण आठ रकाने होतात. वरच्या ओळीत प्रत्येक गाडीचे नाव आपल्या दोन रकान्यांवर पसरलेले हवे. हे आडवे जोडलेले घर झाले, आणि लाटेकमध्ये ते मल्टिकॉलम या आज्ञेने मिळते. ‘स्थानक’ आणि ‘अंतर’ ही शीर्षके मात्र गाडीचे नाव आणि आगमन-प्रस्थान अशा दोन्ही ओळी व्यापतात. हे उभे जोडलेले घर, त्यासाठी मल्टिरो नावाची जोडआज्ञा आहे. जोडलेले घर हे दिसण्यापुरते सजावटीचे वाटले तरी त्यात एक विधान दडलेले असते: खालच्या या दोन वेळा एकाच गाडीच्या आहेत, हे वाचकाला वेगळ्या शब्दांत सांगावे लागत नाही.

अडचण अशी की घरे जोडली तरी त्यांच्याखालची जाळी पुसली जात नाही. लाटेक प्रत्येक रकान्याच्या डावीकडे व उजवीकडे थोडी मोकळी जागा सोडते. नेहमीच्या मांडणीत ती सहा पॉइंट असते, म्हणजे दर रकान्यामागे बारा पॉइंट केवळ मोकळिकीत जातात. आठ रकान्यांचे ९६ पॉइंट होतात, जे सुमारे ३.४ सेंटिमीटर भरतात. ए-४ कागदावर दोन्ही बाजूंस अडीच सेंटिमीटरचा समास सोडला तर मजकुराची रुंदी १६ सेंटिमीटर उरते, आणि तिचा पाचवा हिस्सा एकही अक्षर न छापता खर्ची पडतो. पूर्ण रुंदीची कोष्टके समासाबाहेर जातात ती बहुधा येथेच, कारण आखणारा सोळा सेंटिमीटर सरळ आठ रकान्यांत वाटून मोकळा होतो. याच्या उलट चूक जोडलेल्या घरात होते. तीन रकाने जोडून त्यांत ठरावीक रुंदीचा परिच्छेद बसवायचा असेल, तर त्याची रुंदी तीन रकान्यांच्या बेरजेइतकी धरून चालत नाही. आतल्या दोन सांध्यांवरची २४ पॉइंट मोकळी जागा आणि तेथे उभ्या रेघा असल्यास त्यांची जाडीही तीत मिळवावी लागते, नाहीतर मजकूर उजवीकडे आखूड पडतो.

शीर्षक खालच्या रकान्यांपेक्षा लांब असले की आणखी एक खोड प्रकट होते. ‘१२७७९ गोवा एक्सप्रेस’ हे शीर्षक दोन लहान वेळांपेक्षा रुंद ठरते, आणि जास्तीची रुंदी दोन्ही रकान्यांत सारखी न वाटता टेक ती जोडलेल्यांपैकी शेवटच्या रकान्यावर टाकते, त्यामुळे प्रस्थानाचा रकाना विनाकारण फुगलेला आणि आगमनाचा आवळलेला दिसतो. उपाय सोपा आहे: वेळांच्या रकान्यांना आरंभीच समान, ठरावीक रुंदी द्यावी आणि शीर्षक दोन ओळींत मोडावे.

कोष्टक पूर्ण रुंदीचे करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत आणि त्यांत गल्लत फार होते. टॅब्युलर-स्टार ही रीत, तशी सूचना दिल्यावर, रकाने आहेत तसे ठेवून त्यांच्यामधली जागा ताणते. टॅब्युलरएक्स ही रीत मोकळिकीला हात न लावता, एक्स अक्षराने खूण केलेले रकाने स्वतः हिशेब करून रुंद करते. वेळापत्रकात आकड्यांचे रकाने ताणण्यात काहीच लाभ नाही, उलट डोळ्याला ओळ पकडणे कठीण जाते. म्हणून एकटा स्थानकाचा रकाना एक्स करावा आणि उरलेली सारी जागा त्याला द्यावी, हेच शहाणपणाचे.

एवढे करूनही वीरांगना लक्ष्मीबाई झाशी हे नाव अरुंद रकान्यात दोन ओळींत मोडते आणि त्या एका नावापायी संपूर्ण आडवी ओळ उंच होते. येथे ब्रॅडशॉ या इंग्रजी रेल्वे मार्गदर्शिकेच्या परंपरेतल्या जुन्या वेळापत्रकांची युक्ती कामी येते, ज्यांत मोठ्या स्थानकाचे आगमन आणि प्रस्थान शेजारी न मांडता एकाखाली एक मांडत. तसे केल्यास प्रत्येक गाडीला एकच रकाना पुरतो, ‘आ.’ आणि ‘प्र.’ यांसाठी एक लहान रकाना वाढतो, आणि आठाऐवजी सहा रकाने होऊन मोकळिकीतले २४ पॉइंट वाचतात. स्थानकाचे नाव आता उभ्या जोडलेल्या घरात येते, दोन ओळींचे नाव दोन ओळींच्या घरात बरोबर बसते, आणि वाटेतल्या दतियासारख्या लहान स्थानकाला एकच ओळ दिली तरी चालते.

उभ्या जोडणीचे नियम मात्र काटेकोर आहेत. मल्टिरो ओळींची उंची वाढवीत नाही, त्यामुळे दोन ओळींच्या घरात तीन ओळींचा मजकूर कोंबला तर तो वरखालच्या रेघांवर चढतो. देवनागरीत हा धोका अधिक, कारण शिरोरेघेवरच्या वेलांट्या व मात्रा आणि खालचे उकार रोमन अक्षरांपेक्षा जास्त उंची मागतात. म्हणून कोष्टकाच्या ओळींचे अंतर नेहमीच्या १ वरून १.३ च्या आसपास नेणे बरे. जोडलेल्या घरातून आडवी रेघ आरपार जाऊ नये यासाठी संपूर्ण रेघेऐवजी ठरावीक रकान्यांपुरती रेघ ओढणारी सीलाइन ही आज्ञा वापरतात. लाटेकमध्ये पुढच्या ओळीत त्या घराची जागा रिकामी सोडावी लागते, तर संकेतस्थळांच्या एचटीएमएल या मार्कअपमध्ये रोस्पॅन लिहिल्यावर ते घर पुढच्या ओळीत लिहायचेच नसते. एकीकडून दुसरीकडे कोष्टक नेणाऱ्यांचे रकाने एक घर सरकतात ते यामुळे. एचटीएमएलमध्ये ब्राउझर ओळीची उंची आपणहून वाढवतो, ही तेथली सोय.

वेळापत्रक एका पानात न मावल्यास लाँगटेबल ही रचना ते पानोपानी वाहू देते, पण तिला जोडलेल्या घराची जाण नसते. झाशीचे आगमन एका पानाच्या तळाशी आणि प्रस्थान पुढच्या पानाच्या माथ्याशी गेले, तर स्थानकाचे नाव तळच्या समासात उतरते. अशा ओळीच्या शेवटी ओळ संपवण्याच्या खुणेला तारांकन जोडले की त्या जागी पान तुटत नाही, आणि दोन्ही वेळा आपल्या नावासह एकाच पानावर राहतात.