पळस आणि पयस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधील जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि त्याकरिता गोटमार होते. या प्रसंगावरील निबंधात आमच्या एका विद्यार्थ्याने 'पयस' असे लिहिले. आम्ही त्याखाली तांबडी रेघ ओढून 'अशुद्ध' असा शेरा मारला. तो शेरा कितपत न्याय्य होता, हे ठरविण्याकरिता शब्दाच्या मुळाकडे जाणे आम्हांस इष्ट वाटते.

'पळस' हा संस्कृत 'पलाश'पासून आला. 'पलाश' म्हणजे पानही. वैदिक वाङ्मयात याच वृक्षास 'पर्ण' असेही नाव आहे, आणि त्याचाही अर्थ पानच. तांबड्या फुलांनी पेटणारे झाड पानांच्या नावाने ओळखले जावे, याचे पत्रावळी लावणाऱ्यांस नवल वाटणार नाही. 'पळसाला पाने तीनच' ही म्हणही पानांचीच आठवण देते. १७५७ च्या लढाईमुळे प्रसिद्ध झालेले बंगालमधील प्लासी, म्हणजे पलाशी, याच वृक्षाचे नाव धारण करते.

प्राकृतात 'श'चा 'स' होऊन 'पलास' झाले. पुढे मराठीत दोन स्वरांमधील एकेरी 'ल'चा 'ळ' झाला. जसे फल-फळ, कमल-कमळ. जोड 'ल्ल' मात्र 'ल' होऊन राहिला, जसे गल्ल-गाल. म्हणूनच संस्कृत 'काल'चा 'काळ' झाला, आणि 'कल्य'पासून 'कल्ल' या रूपातून आदल्या दिवसाचा 'काल' आला.

आता वऱ्हाडी-नागपुरी बोली पाहू. तीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. आमच्याकडील मूल डोळ्यास 'डोया' म्हणते, परंतु गालास 'गाय' कधीच म्हणत नाही. अर्थात एकेरी व जोड 'ल' यांतील प्राचीन भेद त्याच्या जिभेवर शाबूत आहे. 'पयस' हे अज्ञानातून झालेले रूप नव्हे. ते 'पळस'वरूनच, नियमाने, आलेले आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मध्यप्रदेशातून निघाला व सौंसर तेथेच राहिले; २०२३ पासून ते पांढुर्णा जिल्ह्यात आहे. भोवती हिंदीतील 'पलाश' असताना घरातला 'पयस' टिकला, ही मराठीचीच खूण होय. लेखनात प्रमाण रूप शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहेच. पण घरच्या बोलीची मुलास लाज वाटावयास लावणे हे नव्हे.

आम्ही तो शेरा खोडला आणि तेथे लिहिले: 'बोलीत पयस, लेखनात पळस.'