बुटावरचे २०० जूल नेमकं काय सांगतात?

समजा, फिल्डवर्कसाठी कर्जतहून लोकल पकडून तुम्हाला खोपोलीच्या एखाद्या पोलाद कारखान्यात जायचंय. गेटवर सेफ्टी शूज लागतात. दुकानदार म्हणतो, "स्टील टो आहे, बिनधास्त घ्या." इथे संशोधकाचा प्रश्न विचारा: 'सुरक्षित' म्हणजे काय मोजलंय?

भारतीय मानक आयएस १५२९८, भाग २ नुसार बुटाच्या टोकावर २०० जूलचा आघात करतात. म्हणजे साधारण २० किलोचं वजन १ मीटरवरून सोडल्यासारखं. आत मऊ मातीचा ठोकळा असतो. टो कॅप दबल्यावर त्याची उंची किती उरली, ते मोजतात. बोटांपुरती ठरलेली जागा उरली, तर बूट पास.

पण ही चाचणी फक्त बोटांपुरती. पावलाच्या वरच्या हाडांवर लोखंड पडलं, तळातून खिळा घुसला, पाणी शिरलं, तर? याबद्दल ती गप्प आहे. म्हणून खुणाही बघा. एस२ म्हणजे वरचा भाग पाण्याला दाद न देणारा. एस३ म्हणजे त्यावर खिळा रोखणारा तळ. खालापूरचा पाऊस आणि जमिनीवरचे लोखंडी तुकडे पाहता एस३ बरा. माप संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात.

आता स्वतःची प्रश्नावली काढा. ती जे मोजते, तेच तुम्हाला जाणून घ्यायचंय का? संशोधनात यालाच वैधता म्हणतात. इथे चूक झाली तर निष्कर्ष फसतो. कारखान्यात कामगाराचा पाय जातो.