किन्वा बीजातील प्रथिने व जलन्यूनता

किन्वा बीजातील प्रथिने व जलन्यूनता : किन्वा (लॅ. चिनोपोडियम किन्वा) ही दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात हजारो वर्षांपासून लागवडीत असलेली वर्षायू (एक वर्ष जगणारी) वनस्पती होय. तिच्या बीजांचा उपयोग तृणधान्याप्रमाणे होत असला, तरी ती गवताच्या कुलातील नाही. महाराष्ट्रात पालेभाजी म्हणून परिचित असलेला चाकवत याच प्रजातीतील आहे. पूर्वी चिनोपोडिएसी (चाकवत कुल) या स्वतंत्र कुलात गणली जाणारी ही प्रजाती आता ॲमरँटेसी कुलात, म्हणजे राजगिऱ्याच्याच कुलात समाविष्ट केली जाते. किन्वाच्या बीजात सर्वसाधारणपणे १२ ते १८ टक्के प्रथिने असतात. ती प्रमाणापेक्षाही गुणवत्तेमुळे अधिक महत्त्वाची ठरतात. पिकाला पाणी कमी पडले असता या प्रथिनांचे काय होते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच आहारशास्त्राचाही आहे. कारण हे पीक मुख्यतः जेथे घेतले जाते, तेथे पाण्याचा तुटवडा हा अपवाद नसून नियम आहे.

पेरू व बोलिव्हियातील अल्तिप्लानो हे पठार समुद्रसपाटीपासून सु. ३,६०० ते ४,००० मी. उंचीवर आहे. त्याच्या उत्तर भागात, तितिकाका सरोवराच्या परिसरात, वर्षाला सु. ७०० मिमी. पाऊस पडतो, पण दक्षिणेकडे तो झपाट्याने घटत जाऊन सालार दे उयूनी या मिठाच्या विस्तीर्ण मैदानाच्या आसपास २०० मिमी.च्या आत येतो. तेथील शेतकरी जमीन एक वर्ष पडीक ठेवून पावसाचे पाणी तिच्यात मुरू देतात आणि दोन पावसाळ्यांची ओल एका पिकाला पुरवितात. बी दूरदूर खड्डे करून, ओल लागेल इतक्या खोलीवर टोकले जाते. मोठ्या दाण्याचा व बाजारात विशेष मागणी असलेला ‘किन्वा रेआल’ (राजकिन्वा) हा प्रकार याच रुक्ष भागातला.

प्रथिनांचे स्थान व स्वरूप : गहू व ज्वारी यांच्या दाण्यात अन्नसाठा मुख्यतः पुष्कात (गर्भाबाहेरील अन्नसाठ्यात) असतो. किन्वात व्यवस्था निराळी आहे. मधोमध स्टार्चने भरलेले पांढरे परिपुष्क आणि त्याभोवती कड्याप्रमाणे वळलेला गर्भ, अशी तिच्या बीजाची रचना असते. पुष्क नाममात्रच उरलेले असते. प्रथिनांचा बहुतेक सर्व साठा गर्भाच्या कोशिकांतील सूक्ष्म प्रथिन-पिंडांत असतो. म्हणजे स्टार्च एकीकडे व प्रथिन दुसरीकडे, अशी ही दोन स्वतंत्र कोठारे आहेत. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

साठ्याच्या प्रथिनांत दोन प्रमुख आहेत. पहिले ११-एस ग्लोब्युलीन होय. सी. ब्रिनेगर व एस. गौंदन यांनी १९९३ मध्ये ते अलग करून त्याचे गुणधर्म वर्णिले. प्रजातीच्या नावावरून त्याला ‘चिनोपोडीन’ म्हणतात. त्याचा रेणुभार सु. ३,२०,००० असून तो सहा उपघटकांचा बनलेला असतो. प्रत्येक उपघटकात एक अम्लीय व एक क्षारकीय पेप्टाइड शृंखला असते व त्या गंधकाच्या बंधांनी (डायसल्फाइड बंधांनी) जोडलेल्या असतात. दुसरे २-एस अल्ब्युमीन हे पुष्कळच लहान असून त्यात सिस्टीन या गंधकयुक्त ॲमिनो अम्लाचे प्रमाण मोठे असते. ही दोन मिळून एकूण प्रथिनांचा मोठा भाग व्यापतात. गव्हाच्या प्रथिनांत ज्यांचे प्राबल्य असते व ज्यांत लायसीन फारच थोडे असते, ती प्रोलॅमिने किन्वात अत्यल्प आहेत. त्यामुळे किन्वाच्या १०० ग्रॅ. प्रथिनात लायसीन सु. ५ ते ६ ग्रॅ. भरते, गव्हात ते जेमतेम निम्मे असते.

जलन्यूनतेचे परिणाम : जमिनीतील ओल कमी झाल्यावर मुळांत ॲब्सिसिक अम्ल तयार होऊन ते पानांपर्यंत पोहोचते आणि त्वग्रंध्रे मिटू लागतात. बाष्पोच्छ्वास कमी होतो. पण त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइडाचा प्रवेशही घटतो व प्रकाशसंश्लेषण मंदावते. दाण्यातील स्टार्च मुख्यतः चालू प्रकाशसंश्लेषणावर अवलंबून असल्याने प्रथम झळ त्याला लागते. नायट्रोजनाचे तसे नाही. फुलोऱ्यापूर्वी मुळांनी शोषलेला नायट्रोजन पानांतील प्रथिनांत साठलेला असतो. पाने वेळेपूर्वी पिवळी पडू लागली की ही प्रथिने विघटित होऊन ॲमिनो अम्लांच्या रूपाने बीजाकडे वाहून नेली जातात. परिणामी परिपुष्क पुरते भरत नाही, गर्भ मात्र बराचसा भरतो, आणि दाण्यातील प्रथिनांची टक्केवारी वाढलेली दिसते.

या वाढीचा अर्थ लावताना अनेकदा गफलत होते. समजा, पुरेसे पाणी मिळालेल्या शेतात हेक्टरी १,५०० किग्रॅ. धान्य आले व त्यात १४ टक्के प्रथिन आहे. तर हेक्टरी २१० किग्रॅ. प्रथिन मिळाले. टंचाईच्या शेतात धान्य ९०० किग्रॅ. व प्रथिन १६ टक्के आले, तर मिळकत १४४ किग्रॅ. एवढीच. टक्का चढला, पण घरात आलेले प्रथिन सु. एक-तृतीयांशाने घटले. ज्या कुटुंबाचा आहार या पिकावर चालतो, त्याला टक्केवारीचा लाभ नाही. विक्रीतही तोटाच, कारण दाणा बारीक राहतो आणि मागणी मोठ्या दाण्याला असते.

टक्केवारी नेहमी वाढतेच असेही नाही. नायट्रेटे मातीतील पाण्यात विरघळूनच मुळांपर्यंत येतात. माती फार सुकली तर नायट्रोजनाचे शोषणच थांबते आणि पानांत साठा होत नाही. अशा वेळी स्टार्च व प्रथिन दोन्ही खालावतात. म्हणून टंचाई किती आहे याइतकेच ती केव्हा आली याला महत्त्व आहे. रोप रुजल्यानंतरची मध्यम टंचाई किन्वा सोसते. तिचे सोटमूळ उलट खोल जाते. रोप रुजणे, फुलोरा व दाणा दुधात येणे हे काळ मात्र नाजूक असतात. बोलिव्हियातील शेतप्रयोगांत या काळांतच मोजके पाणी दिले असता, पूर्ण ओलितास लागणाऱ्या पाण्याच्या सु. निम्म्यात हेक्टरी १,२०० ते २,००० किग्रॅ. उत्पन्न टिकविता येते असे आढळले.

गव्हात प्रथिनांची टक्केवारी वाढते तेव्हा वाढ मुख्यतः प्रोलॅमिनांत होते व प्रथिनातील लायसिनाचे प्रमाण उतरते. किन्वात प्रोलॅमिनेच नगण्य असल्याने तेवढी घसरण होण्यास वाव नाही. तथापि ग्लोब्युलीन व अल्ब्युमीन यांचे परस्परप्रमाण बदलू शकते आणि त्याबरोबर गंधकयुक्त ॲमिनो अम्लांचेही. हा बदल सर्व वाणांत सारखा नसतो. मिठागरांच्या प्रदेशातील व समुद्रसपाटीवरील वाणांचे प्रतिसाद भिन्न असतात. एकाच वाणाच्या दोन ठिकाणच्या बीजांतील ॲमिनो अम्लांतही फरक पडतो. त्यामुळे एका ठिकाणचा आकडा साऱ्या पिकाला लावणे सयुक्तिक नाही.

साठ्याच्या प्रथिनांखेरीज संरक्षक प्रथिनांचा एक लहान गट बीजात असतो. त्यांतील डिहायड्रिने ही बीज पक्व होऊन वाळताना गर्भात तयार होतात. ती पाण्याशी सहज संलग्न होतात आणि कोशिकेतील पटले व इतर प्रथिने शुष्कतेत विघटित होऊ देत नाहीत. आहाराच्या दृष्टीने त्यांचे वजन क्षुल्लक आहे; पण पुढील पेरणीस बी जिवंत राहणे त्यांवर काही अंशी अवलंबून असते.

मापनातील अडचण : प्रथिनांचे मापन बहुधा केल्डाल पद्धतीने, म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून करतात. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत सोयीची खरी. पण तिला नायट्रोजन कोठला हे कळत नाही. तुटवड्यात वनस्पती तर्षण दाब टिकविण्यासाठी प्रोलीन व ग्लायसीन बीटाइन यांसारखी नायट्रोजनयुक्त लहान संयुगे साठवितात. किन्वाच्या बीजात बीटाइन मुळातच बरेच असते. हा नायट्रोजनही प्रथिन म्हणूनच मोजला जातो. म्हणून टंचाईतील बीजांची तुलना करताना ॲमिनो अम्लांचे प्रत्यक्ष विश्लेषण व दर दाण्यामागील प्रथिनाचे वजन ही दोन्ही पाहणे इष्ट असते.

किन्वाचा जीनोम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून साठ्याच्या प्रथिनांची जनुके ओळखणे सुलभ झाले आहे. भारतात लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत किन्वाच्या अनेक वाणांची चाचणी घेण्यात आली. येथे हे पीक रब्बी हंगामात घेतात. पेरणी उशिरा झाल्यास दाणा दुधात येण्याचा काळ फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये येतो. तेव्हा ओल सरत असते व तापमानही चढू लागते. अँडीजमधील थंड टंचाईपेक्षा ही स्थिती वेगळी असल्याने तेथील प्रयोगांचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.