पेशीतील कॅल्शियम दाखवणारी प्रथिने

विश्रांत पेशीच्या आतल्या द्रवात मुक्त कॅल्शियम आयन बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतात. चेतापेशी उद्दीपित झाली की ही पातळी क्षणार्धात वाढते. ही वाढ जिवंत पेशीत टिपण्यासाठी प्रतिदीप्त प्रथिनांचे संवेदक वापरतात. त्यांचे जनुक पेशीत घातले की संवेदक पेशी स्वतःच बनवते.

यांतला सर्वाधिक प्रचलित ‘जीकॅम्प’ जुनिची नाकाई व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला. त्याच्या गाभ्यात एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशचे हिरवे प्रथिन असते. मात्र त्याची मूळ टोके जोडून साखळी दुसरीकडे कापलेली असते. नव्या टोकांपैकी एकाला कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम बांधणारे प्रथिन, दुसऱ्याला एम१३ हा पेप्टाइड जोडतात. कॅल्शियम बांधले गेले की कॅल्मोड्युलिन एम१३ला कवटाळते, प्रकाश देणाऱ्या भागाभोवतीची रचना बदलते आणि निळ्या प्रकाशात हिरवी चमक वाढते. (गंमत अशी, की याच जेलीफिशमधले एक्वोरिन हे प्रथिन मुळातच कॅल्शियमने उजळते.)

चमक संवेदकाच्या प्रमाणावरही अवलंबून असल्याने जीकॅम्प बदल उत्तम दाखवतो, नेमकी पातळी तितकी नाही. त्यासाठी दोन रंगांच्या गुणोत्तरावर चालणारे संवेदक सरस. मियावाकी आणि रॉजर त्सिएन यांचा १९९७ चा ‘कॅमेलिऑन’ त्या जातीचा. कोणताही संवेदक स्वतः कॅल्शियम धरून ठेवतो. तो पेशीत अती झाला, तर मोजमापच बिघडते.