पहिले पिस्तूल हाताला विचारून घ्यावे



2024 सालच्या ऑगस्ट महिन्याची पहिली तारीख तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी गावच्या स्वप्निल कुसाळे याने त्या दिवशी फ्रान्समध्ये ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळाले ते तब्बल 72 वर्षांनी. स्वप्निलचा खेळ रायफलचा. त्याच्या चार दिवस आधी हरियाणाच्या मनू भाकेरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक जिंकले होते. तेव्हापासून गावोगावची मुले मास्तरांना विचारू लागली, "सर, पिस्तूल कुठं मिळतं?" आणि त्यांचे वडील विचारू लागले, "गुरुजी, कोणतं घेऊ?"

आजचे बोलणे या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

मी पोरांना नेमबाजी शिकवीत असे, त्या काळातली एक हकिकत सांगतो. एक शेतकरी आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. हातात पिशवी, पिशवीत पिस्तूल. परदेशी बनावटीचे, कोणाकडून तरी जुने घेतलेले. त्यासाठी दुभती म्हैस विकली होती. मुलगी सहा महिने त्याच पिस्तुलावर घरी सराव करीत होती, पण छर्रे कागदभर विखुरत होते. मला म्हणाली, "सर, माझा हातच वाईट आहे." मी तिचा हात पाहिला. त्या पिस्तुलाची मूठ मोठ्या माणसाच्या पंजाची होती. चापापर्यंत बोट पोचवण्यासाठी पोरगी दर वेळी मनगट वाकडे करीत होती. दोष मुठीचा, आणि शिक्षा हाताला.

तेव्हा आजचे सूत्र एवढेच, की पहिले पिस्तूल नाव पाहून घेऊ नये, जोर पाहून घेऊ नये, किंमत पाहूनही घेऊ नये. हाताला विचारून घ्यावे.

आधी, कोणत्या जातीचे पिस्तूल, ते पाहू. शिकाऊ माणसाने दारूगोळ्याच्या पिस्तुलाचा विचारच करू नये. पंचवीस मीटरवरचे पॉइंट टू टू पिस्तूल ही पुढची इयत्ता आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते याच प्रकारात. पण त्याला परवाना लागतो. सुरुवात करायची ती हवेच्या पिस्तुलाने. त्याच्या नळीचे छिद्र साडेचार मिलिमीटर. दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छोटा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरचा कागद भेदतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरच्या आणि 20 जूलच्या आतल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही, आणि खेळाचे पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. मात्र दुकानदार ओळखपत्र पाहून नोंद करतो. पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

"जोर जास्त तितकं चांगलं" ही समजूत मनातून काढून टाका. आपल्याला कागदाला भोक पाडायचे आहे, भिंत पाडायची नाही.

आता मुठीकडे वळू. मूठ इतकी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी थोडे गणित करू. शिक्षक मंडळींनी हे फळ्यावर काढून दाखवावे, समरूप त्रिकोणांचा धडा आपोआप होईल. पिस्तुलावर नेम धरण्यासाठी दोन खुणा असतात. नळीच्या टोकाला माशी आणि डोळ्याच्या बाजूला खाच. दोहोंमधले अंतर साधारण 33 सेंटिमीटर. लक्ष्य 10 मीटरवर, म्हणजे त्या अंतराच्या तीसपट लांब. आता समजा, मनगट जरासे वळले आणि माशी खाचेच्या मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकली. तर छर्रा लक्ष्यावर तीस मिलिमीटर बाजूला जाईल. दहा गुणांचे वर्तुळ केवळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे, आपल्या शर्टाच्या गुंडीएवढे. तुमचे दहा गुण गेले आणि हाती सात आले! याउलट माशी आणि खाच नीट जुळलेली असून सारा हातच पाच मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. दहा गुण तरीही पदरात पडतात.

म्हणजे हात थोडा हलला तर चालते, मनगट वळलेले चालत नाही. हात तर प्रत्येकाचाच हलतो, ऑलिंपिकवाल्याचाही. मनगट सरळ ठेवण्याचे काम मूठ करते. मूठ हातात बसली तर माशी आपोआप खाचेत येते. नाही बसली तर नेमबाज दर गोळीला मनगटाशी झुंजत राहतो.

मूठ बसते की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करा. नळी लक्ष्याकडे ठेवून मूठ नेहमीसारखी धरा. डोळे मिटा, हात लक्ष्याच्या उंचीला उचला, एक श्वास घ्या आणि डोळे उघडा. माशी खाचेच्या मध्यावर दिसली तर मूठ तुमची. दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडेच दिसली तर मूठ परकी. चापावर बोटाचे पहिले पेर, त्याची गादी, सहज टेकली पाहिजे, आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला घासता कामा नये. चांगल्या पिस्तुलांच्या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातांसाठी वेगवेगळ्या मिळतात. तळहाताखालची फळी वरखाली करता येते. लाकूड कुठे टोचत असेल तर पॉलिशकागदाने घासून घेतात. पायातला जोडा चावला तर आपण चांभाराकडे जातो, पाय कापीत नाही. इथेही तसेच आहे.

डाव्या-उजव्याचा निर्णय घेताना डोळाही तपासावा. दोन्ही पंजे जोडून मध्ये छोटी खिडकी करा, तीतून लांबचा खांब पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब खिडकीत राहतो तो तुमचा बलवान डोळा. डोळा आणि हात एकाच बाजूचे असले तर काम सोपे होते. नसले तरी खेळ बंद होत नाही, पण शिकवणाऱ्याला ते आधी ठाऊक हवे.

दुसरी गोष्ट वजनाची. स्पर्धेच्या नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते. पुष्कळशी चांगली पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात. एक किलो म्हणजे काय? एक लिटर पाणी. हा भार एका हाताने, आधाराशिवाय, खांद्याच्या उंचीला धरायचा आणि स्पर्धेत सव्वा तासात साठ वेळा मारायचा. सरावाच्या गोळ्या त्याखेरीज. म्हणून पिस्तूल घेण्याआधी घरचीच परीक्षा करा. पाण्याने भरलेली लिटरची बाटली हातात घ्या, हात सरळ पुढे धरा, मनातल्या मनात दहा मोजा, खाली घ्या. अर्धा मिनिट विसावा, पुन्हा उचला. दहा-बारा वेळांनंतर खांदा वर चढू लागला किंवा कंबर मागे कलू लागली, तर एवढे वजन अजून पेलत नाही असे समजावे. वाढत्या वयाच्या मुलांसाठी आखूड नळीची, हलकी पिस्तुले मिळतात. ती कमी दर्जाची नसतात. वयाला शोभणारी असतात.

तिसरी गोष्ट चापाची, म्हणजे ट्रिगरची. नियमाप्रमाणे हवेच्या पिस्तुलाचा चाप निदान 500 ग्रॅम भार उचलून धरणारा हवा. याहून हलका चाप स्पर्धेत बाद होतो. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात. पहिल्यात बोट सैल सरकते, मग एका जागी अडते. तिथून पुढे अलगद दाब वाढवला की गोळी सुटते. स्वस्त पिस्तुलांचा चाप जड आणि खरखरीत असतो. तो ओढताना माशी हलते आणि मुलांना हिसका मारण्याची खोड लागते. ही खोड लागायला महिना पुरतो आणि जायला वर्ष लागते.

चौथी गोष्ट, हवा कुठून येते? याचे मुख्य प्रकार तीन. स्प्रिंगच्या पिस्तुलात दट्ट्या पुढे आदळतो, त्यामुळे धक्का बसतो. ते स्वस्त, पण शिकायला कठीण. दुसऱ्या प्रकारात दर गोळीला तरफ ओढून हवा दाबावी लागते. बाहेरची टाकी लागत नाही, ही खेड्यात मोठी सोय. पण तरफ ओढायला बळ लागते, ते मुलाकडून ओढवून पाहावे. तिसरा प्रकार नळीखालच्या छोट्या सिलिंडरचा. त्यात आधीच दाबाने हवा भरलेली असते, धक्का नाममात्र. आजच्या स्पर्धा बहुतेक यावरच होतात. मात्र घेण्यापूर्वी स्वतःला विचारा, की सिलिंडर संपला तर भरणार कुठे? रेंज साठ किलोमीटरवर असेल तर हातपंपाचीही किंमत हिशेबात धरा. जुने पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवरची मुदत वाचा. मुदत उलटलेला सिलिंडर भरू नये.

आणि यंत्र म्हटले की ते बिघडते. 2021 साली टोकियोला मनू भाकेरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले, मोलाचा वेळ गेला, 575 गुण होऊनही अंतिम फेरी हुकली. तीच मनू तीन वर्षांनी पॅरिसला पदक घेऊन उभी राहिली. तेव्हा दुरुस्ती कोण करील, सुटे भाग कुठे मिळतील, हेही विकत घेण्याआधीच विचारावे.

आता पैशाचे बोलू. स्पर्धेचे परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जाते. माझे स्पष्ट म्हणणे असे, की पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका. पुण्याला बालेवाडीत, मुंबईला वरळीत, कोल्हापुरात दुधाळीला रेंज आहेत. इतरत्रही आहेत. जवळच्या रेंजवर जा, तिथले पिस्तूल वापरा, दोन-चार मुठी हातात धरून पाहा. सहा महिन्यांनी मुलाची आवड टिकली, हाताचे माप कळले, शिकवणाऱ्याने सांगितले, म्हणजे मग खर्च. लग्नाला मुलगी पाहावी तशी घाई नको, आणि मोडलेल्या गाडीसारखा व्यवहारही नको. दोन-तीन पालकांनी मिळून एक पिस्तूल घेतले तर मुलांच्या पंजांचे माप सारखे आहे ना, ते आधी पाहावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. हवेचे असले तरी ते खेळणे नव्हे. डोळा फोडायला एक छर्रा पुरतो. पिस्तूल नेहमी भरलेलेच आहे असे समजून वागावे. नळी कायम लक्ष्याकडे असावी. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. दगडी भिंतीवर मारू नये, छर्रा उलटून येतो. डोळ्यांवर चष्मा हवा. छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्यावाचून भाकरीला शिवू नये. सराव झाला की पिस्तूल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. आणि चिमणी-कबुतरावर नेम धरणाऱ्या मुलाच्या हातून पिस्तूल त्याच दिवशी काढून घ्यावे. हे नियम पाळणे जमत नसेल त्या घरात पिस्तूल आणूच नये.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. रेंजवरचे लहान मुठीचे जुने पिस्तूल आम्ही तिला दिले. पहिल्याच दिवशी दहा छर्ऱ्यांपैकी सात काळ्या वर्तुळात लागले. तो कागद तिने घडी न घालता घरी नेला. वडील मात्र बराच वेळ आपल्या पिशवीकडे पाहत बसले होते. मग म्हणाले, "सर, आधी विचारायला पाहिजे होतं."

तुम्ही आधी विचारा.